उजव्या सीटची ऊब

वर्ध्याच्या माणसानं गरम व्हावं म्हणून धडपड करावी, याच्यासारखा विनोद नाही. इथं माणूस वर्षातले बहुतेक महिने गार व्हायच्याच मागे असतो. मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं आणि कूलरच्या पाण्यावरून सख्ख्या भावांत अबोला येतो. अशा मुलखात अश्विन ताकसांडेनं आख्खा हिवाळा एका हीटरपायी घालवला. तोही घरचा नाही, विमानाचा.

हो, विमानाचाच. ऐकणारा आधी हसायचा आणि मग चेहरा गंभीर करून विचारायचा, "तब्येत बरी आहे ना?" अश्विनला या प्रश्नाची सवय होती. तो वीज खात्यातला निवृत्त इंजिनिअर. वर्ध्यालगत बोरगाव मेघेला घर, बायको नंदिनी, आणि एकुलती मुलगी आकांक्षा, ती बंगळुरूला. नोकरीत असतानाच त्यानं बाहेरदेशातून सुट्या भागांच्या पेट्या मागवल्या आणि दोन माणसांचं चिमुकलं विमान जोडायला घेतलं. आर्वीच्या रस्त्याला, आंजी गावाच्या पुढं चुलतभावाच्या शेतात एक लांब पट्टा सपाट करून घेतला, कडेला पत्र्याची शेड ठोकली. लोकांच्या बंगल्यावर मजले चढले, याच्या विमानाला एक एक रिव्हेट लागत गेली. परवानग्यांसाठी उंबरे झिजवताना चपला झिजल्या त्या वेगळ्याच. पण शेवटी ते उडालं, आणि अश्विनच उडवायचा.

शेडची राखण तानबा करायचा. त्याचं खरं काम म्हणजे धावपट्टीवरून रोही हाकलणं. या रोही, म्हणजे नीलगाई, विमानाला अजिबात भीत नाहीत, पण तानबाच्या शिव्यांना भितात.

विमानात डावी सीट अश्विनची. उजवी रिकामी ठेवली तर तोल नीट राहत नाही, म्हणून सुरुवातीला तो त्या सीटवर वाळूची गोणी ठेवायचा आणि तिला पट्टा बांधायचा. पुढे तशी गरज उरली नाही, तरी गोणी राहिली. वर गेल्यावर तो कधीकधी तिच्याशी बोलायचा. "थे पाय, पवनार. थे धाम नदी." गोणी सगळं ऐकून घ्यायची. खाली उतरल्यावर त्याला स्वतःचंच हसू यायचं, आणि मग थोड्या वेळानं हसू यायचं नाही.

त्या सीटवर त्याला नंदिनी हवी होती. एकदा नवलाई म्हणून नाही, तर नेहमीसाठी. दर रविवारी दोघांनी वर जायचं, कधी आर्वीकडं, कधी नदीच्या कडेकडेनं, आणि खाली येऊन तानबाच्या हातचा चहा प्यायचा. त्याच्या म्हातारपणाचा सगळा बेत त्या उजव्या सीटवर उभा होता. नंदिनीला मात्र सवडच नसायची. ती आंजीच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि मुख्याध्यापिकेला रविवारीही शाळाच असते. मागच्या उन्हाळ्यात ती निवृत्त झाली तेव्हा अश्विनला वाटलं, आता झालं आपलं काम.

डिसेंबरच्या एका सकाळी ती तयार झाली. स्वतःहून म्हणाली, "चला, आज येतो मी." अश्विननं गोणी उचलून शेडच्या कोपऱ्यात अशी टाकली की तानबा चमकून बघायला आला.

खाली स्वेटरची थंडी होती, वर हाडाची. दाराच्या फटीतून वारा सुरीसारखा आत येत होता. हीटर नावाला होता. सायलेन्सरच्या तापलेल्या नळीभोवती पत्र्याचं आवरण, त्या दोहोंच्या मधून हवा खेळवायची आणि एका नळीनं ती पायाशी आणून सोडायची, एवढीच त्याची करामत. अश्विननं खुंटी पूर्ण ओढली, पण पायाशी जे आलं ते एखाद्यानं दुरून फुंकर मारावी तसं होतं. नंदिनीनं शाल डोक्यावरून घेतली होती. हेडफोनमध्ये इंजिनाची घरघर, वाऱ्याची शीळ, आणि त्यातून तिचा आवाज तुटत तुटत आला. ती खिडकीतून खाली बघत होती. खाली कपाशीची पांढरी वावरं होती, आंजीची शाळा होती. ती म्हणाली, "गरम होत नाई मले."

अश्विन ओशाळला. तो घाईघाईनं म्हणाला, "मालूम हाय मले. चूक माहीच हाय. हे मी पयलेच पाह्याले पाह्यजे होतं."

ती त्याच्याकडं वळली. "खरंच मालूम होतं तुम्हाले?"

"नाई त काय! माह्या ध्यानात होतं, पण राहून राहून गेलं. आता या हिवाळ्यातच सुधारतो. तू फक्त जरा दम धर."

नंदिनीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाऱ्यानं येतं तसं.

उतरल्यावर गाडीत ती त्याच्या खांद्याला टेकून बसली. असं बसायचं ती केव्हाच विसरली होती, असं त्याला वाटत होतं. संध्याकाळी त्याच्या आवडीची पाटवडी केली, आणि वाढताना गुणगुणत होती. अश्विनला तर स्वर्ग दोन बोटं उरला. बाईला विमान आवडलं, फक्त थंडीचं तेवढं पाहिलं की झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो शेडमध्ये हजर झाला.

आता हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. सायलेन्सरच्या नळीला बारीक भेग असली तर त्याच वाटेनं विषारी धूर केबिनमध्ये येतो. त्याला वास नसतो आणि माणूस गुपचूप झोपून जातो. म्हणून अश्विननं आधी सगळी नळी सोडवून तपासली आणि केबिनमध्ये असा धूर ओळखणारी घंटी बसवली. मग फटी बुजवायला घेतल्या. दाराला रबराची पट्टी, तळाला फोम, जिथून तारा येतात तिथं पुट्टी. या सगळ्यात दिवस कसे गेले त्याला कळलं नाही. सकाळी डबा घेऊन निघायचा, दिवेलागणीला यायचा, जेवताना कागदावर नळ्यांची चित्रं काढायचा.

पहिल्या आठवड्यात नंदिनीनं एकदा विचारलं, "आज राह्यता का घरी? विहारात कार्यक्रम हाय, दोघं जाऊ."

"आज नाई," तो बूट घालता घालता म्हणाला. "अवं, तुह्यासाठीच त चालू हाय सारं!"

"माह्यासाठी?"

"मंग कोणासाठी? तानबासाठी?"

ती हसली. थोडंच हसली, पण अश्विनला तेवढं पुरलं. नंतर तिनं विचारणं सोडून दिलं. तो मनात म्हणाला, समजूतदार बाई आहे. नवऱ्यांना बायकोची समजूत नेमकी ती गप्प बसल्यावर दिसते.

फटी बुजल्या तरी ऊब येईना. मग त्याला युक्ती सुचली. नळी आणि आवरणाच्या मधली हवा सुळकन निघून जाते, तिला तापायला वेळच मिळत नाही. तिच्या वाटेत काहीतरी अडवायला पाहिजे, जे स्वतः तापेल आणि हवेला रेंगाळायला लावेल. हे सुचलं तेव्हा तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला उभा होता आणि समोर ओट्यावर भांडी घासायची तारेची घासणी होती. स्टीलची, न गंजणारी. त्यानं ती उचलली, कपाटातल्या नव्या कोऱ्या उचलल्या, आणि गेला. संध्याकाळी नंदिनी म्हणाली, "घासण्या कुठी गेल्या साऱ्या? मी आज राखेनं भांडे घासले."

"विमानात घातल्या."

"काऊन? विमान खरकटं झालं का?"

अश्विन खदखदून हसला. ती हसत नव्हती हे त्याच्या लक्षात आलं ते बऱ्याच वेळानं, आणि तेव्हा विषय निघून गेला होता.

घासण्यांनी नळी चांगली तापली. हात लावला तर पोळेल अशी हवा नळीच्या तोंडाशी होती, पण केबिनमध्ये ती येईचना. जानेवारी अर्धा सरला. अश्विन हैराण झाला. सकाळी थंडीत एकटाच वर जायचा, पायाशी हात धरून बघायचा आणि शिव्या घालत उतरायचा. तानबा म्हणायचा, "सायेब, येक महिना थांबा, आपोआप गरम होते. मंग त खिडक्या काढून उडा!" तो खरंच म्हणत होता. थोडे दिवस थांबलं की वर्ध्यात हीटर म्हणजे गुन्हाच. पण अश्विननं शब्द दिला होता, या हिवाळ्यातच.

एका संध्याकाळी तो ताटावर बसून पुटपुटत होता. हवा गरम आहे, नळी मोकळी आहे, झडप उघडी आहे, मग अडतं कुठं? नंदिनी समोर बसली होती. ती भाकरी मोडत म्हणाली, "साऱ्या फटी बुजवल्या म्हणता ना तुम्ही?"

"एक बी नाई ठेवली."

"मंग येईन कशी हवा? बंद खोलीत कूलर लावला त येते का? समोरची खिडकी उघडी ठेवा लागते. आतली जाईन तवा त बाहेरची येईन."

वर्ध्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची. अश्विननं सगळा जन्म हेच केलं होतं, आणि विमानात मात्र एकही खिडकी ठेवली नव्हती. तो ताटावरून उठला. भाकरी तशीच टाकली. "नंदिनी, तू त कमाल केली!" म्हणत हात धुतला आणि गाडीची किल्ली घेतली.

"आत्ता? जेवून त घ्या."

"येतो ना!"

तिच्या वाक्यावर तो इतका खूश होता की ते वाक्य बोलणारी बाई एकटीच ताटावर बसली आहे हे त्याला दिसलं नाही. मला तर त्याचा राग येतो. पण अश्विन वाईट माणूस नव्हता, हेही सांगायला हवं. तो तिच्याचसाठी पळत होता. फक्त पळण्याची दिशा चुकली होती.

सीटच्या मागं, शेपटीकडं हवा जाईल अशी त्यानं जाळीची वाट काढली. दुसऱ्या दिवशी वर गेला आणि केबिन भरून ऊब आली. पाय, गुडघे, हात, सगळीकडं. त्यानं स्वेटर काढून गोणीच्या अंगावर टाकलं आणि मोठ्यानं गायला लागला. सूर कुठं लागतो कुठं नाही, तिथं ऐकायला कोण होतं?

जानेवारीच्या अखेरच्या सकाळी तो नंदिनीला घेऊन आला. ती लगेच हो म्हणाली. वाटेत गाडीत अश्विनच बडबडत राहिला. तानबानं रोही हाकलल्या. विमान उडालं. हरभऱ्याची वावरं खाली गेली, धुकं नदीवर साचलेलं होतं, पवनारचा पूल त्यातून वर आला होता. अश्विननं खुंटी ओढली. थोड्याच वेळात नंदिनीनं डोक्यावरची शाल खांद्यावर घेतली, मग खांद्यावरून मांडीवर. तो चोरून बघत होता. छाती फुगली त्याची. याच क्षणासाठी तर सगळं केलं होतं.

"मंग?" तो म्हणाला. "कसं वाटून राह्यलं?"

"चांगलं हाय. गरम हाय."

"आता नाई ना तक्रार?"

"कशाची तक्रार?"

"वा! मागच्या टाइमाले तूच त म्हणली, गरम होत नाई मले. तवापासून लागलो मी. बोललो होतो ना, या हिवाळ्यात सुधारतो म्हणून?"

नंदिनी त्याच्याकडं बघत राहिली. हेडफोन त्यानं याच महिन्यात नवे घेतले होते, त्यामुळे तिचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता.

"गरम होत नाई, असं नव्हतं म्हणलं मी," ती म्हणाली. "मी म्हणलं होतं, करमत नाई मले."

इंजिन चाललं होतं. अश्विनचे हात दांड्यावर होते आणि विमान सरळ चाललं होतं. ते सरळ ठेवायला त्याला काही करावं लागत नव्हतं, हात आपोआप करत होते. करमत नाही. शाळा संपली, मुलगी दूर गेली, आणि दिवसभर रिकाम्या घरात बाईला करमत नाही. ती हे घरी म्हणू शकली नव्हती. घरी तो सापडतच नव्हता. म्हणून ती त्याच्या विमानात येऊन बसली होती, जिथून तो उठून जाऊ शकणार नव्हता, आणि तिथं तिनं ते सांगितलं होतं.

"आन् तुम्ही म्हणले, मालूम हाय मले. चूक माही हाय. सुधारतो." तिचा आवाज चढला नाही. "मले वाटलं, समजलं तुम्हाले. किती बरं वाटलं होतं मले त्या दिवशी. घरी जाऊन मी आकांक्षाले फोन केला, म्हटलं, नाई येत मी तिकडं, तुह्या बाबाले समजलं. मंग रोज वाट पाह्यली. रोज तुम्ही अजूनच लवकर जाऊन राह्यले."

"नंदिनी, मले आयकूच नाई आलं नीट."

"हो. आता समजलं मले."

हसण्यासारखी चूक होती. दुसऱ्या कुणाची असती तर दोघंही पोट धरून हसले असते. नंदिनीच्या ओठांच्या कडेला तेवढ्यासाठी काहीतरी हललंही, पण ते हसू नव्हतं.

"परवा जाऊन राह्यली मी," ती म्हणाली. "सेवाग्रामवरून गाडी हाय. आकांक्षाकडं. मागच्या हप्त्यात तिनं तिकीट काढून ठेवलं."

"किती दिवस?"

"पाहू. करमन तवरक." मग तिनं विचारलं, "तुम्ही येता का संगं?"

तेव्हा ते पट्टीच्या समोर आले होते. शेवटचं वळण झालं होतं, खाली जमीन वर येत होती, आणि उतरताना बोलायचं नाही हा अश्विनचा नियम होता. नियम बरोबरच होता. त्यात दोघांचा जीव असतो. "उतरू दे आधी," तो म्हणाला. विमान इतकं अलगद टेकलं की चाकं कधी लागली ते कळलंही नाही. असं तो आयुष्यात कधी उतरला नव्हता.

शेडपाशी येऊन त्यानं इंजिन बंद केलं. केबिनमध्ये अजून उबदार होतं. हेडफोन काढून त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "येतो मी तुह्या संगं."

"किती दिवस?"

त्याच्या मनात तेच आधी आलं. फेब्रुवारीत विमानाची तपासणी होती. इतके दिवस इंजिन बंद ठेवून चालणार नव्हतं. शेड तानबावर सोडली तर उंदीर तारा कुरतडतील. तो हिशेब करत होता आणि ती त्याला हिशेब करताना बघत होती.

"आठ-दहा दिवस त नक्कीच," तो म्हणाला.

नंदिनीनं मांडीवरची शाल उचलली आणि घडी घातली. "आठ-दहा दिवसाचा पाहुणा तिथं कायले?" ती म्हणाली. "पाहुणा त मले घरीच होता."

ती स्वतःच दार उघडून उतरली. अश्विन मागोमाग उतरला. सकाळ वर आली होती आणि वारा सुटायला लागला होता. मोकळं विमान वाऱ्यात उभं ठेवता येत नाही, पंख जमिनीला दोरानं बांधावेच लागतात. "दोन मिनिटं थांब," तो म्हणाला, "पंख बांधतो न् निंगू. घरी बसून बोलू सारं."

"बांधा," ती म्हणाली.

त्यानं डावा पंख बांधला. दोर ओढून पाहिला. उजव्या पंखाचा हूक मातीत खचला होता, तो काढून पुन्हा ठोकला, मग बांधला. शेपटी बांधली. सवयीनं काचेवर कापड घातलं, चाकांना दगड लावले. बोलायचं काय ते मनाशी जुळवत होता. राहीन मी तिथं, तू म्हणशील तितके दिवस, विमान गेलं चुलीत. हे वाक्य त्याला जमलं, चांगलं जमलं, आणि ते घेऊन तो वळला.

गाडी रिकामी होती. शेडमध्ये तानबा चहाचं पाणी ठेवत होता.

"बाई कुठी गेल्या?"

"बाई? त्या त रोडवर गेल्या. आर्वीवरून वर्ध्याची बस आलती, हात दाखवून बसल्या." तानबानं साखरेचा डबा उघडला. "मले म्हणल्या, सायबाले सांगजो, काम होऊ द्या, सावकाश या."

चहा दोघांपुरता ठेवला होता. तानबानं दोन्ही कप भरले, आणि अश्विन एक कप हातात घेऊन रस्त्याकडं बघत उभा राहिला. बस केव्हाच दिसेनाशी झाली होती.